अंगणाला श्वास घेऊ द्या

मराठी घराचे चित्र अंगणावाचून पूर्ण होत नाही. शहरातील सदनिकांमध्ये अंगणाची जागा गॅलरीने घेतली, नव्या बंगल्यांमध्ये तिला ‘पॅटिओ’ हे नाव मिळाले. तरी घराबाहेरच्या त्या मोकळ्या फरसबंदीशी असलेले आपले नाते बदललेले नाही. सकाळचे सडासंमार्जन, दुपारी वाळत घातलेले पापड-कुरडया, सायंकाळी तुळशीपुढे लावलेला दिवा या सर्वांचे साक्षीदार असते ती अंगणातील फरशी. गृहकर्जाचे प्रस्ताव हाताळताना आम्ही बँक अधिकारी भिंती, छप्पर आणि क्षेत्रफळ बारकाईने पाहतो. पायाखालच्या दगडाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. सोलापूरच्या आमच्या घरातील एका प्रसंगाने ते पाहायला लावले.

आमच्या अंगणाची लांबी वीस फूट आणि रुंदी सोळा फूट. मध्यभागी तुळशीवृंदावनाचा चार फुटी कट्टा आणि त्याभोवती दोन फूट चौरस अशा शहात्तर शहाबादी फरश्या. अण्णांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन ती फरसबंदी केली, तेव्हा मी शाळेत होते. पुढे धाकट्या भावाच्या लग्नाची गडबड सुरू झाली आणि रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराने सुचवले, ‘‘अंगणाला सीलरचा हात मारून देतो, आरशासारखे चमकेल.’’ चमकलेही. लग्नाच्या छायाचित्रांत आमचे अंगण खरोखरच आरशासारखे दिसते.

पहिल्याच पावसाळ्यात त्या आरशाला ढगाळ पांढरे डाग पडले. ठिकठिकाणी पापुद्रे सुटले. जेथे लेप शाबूत होता तेथे पावसाचे पाणी साचून राही आणि त्यावर शेवाळाची बारीक साय धरे. श्रावणातल्या एका संध्याकाळी हातात निरांजन घेऊन तुळशीकडे निघालेली आई घसरली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, परंतु मनातली भीती गेली नाही. आई अंगणात उतरेनाशी झाली. सांजवात खिडकीच्या कठड्यावर लागू लागली. फरशी उखडून तेथे नव्या टाइल्स बसवाव्यात, असा विचार घरात सुरू झाला. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आम्हा सर्वांना कळत होता. दगडाला धक्का न लावता त्यावरचा लेप तेवढा काढता येईल का, या शोधाला मी लागले ती त्यामुळेच. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पायाखालचा दगड ओळखा

आपल्याकडे घराबाहेर वापरल्या जाणाऱ्या फरश्यांपैकी बऱ्याचशा चुनखडकाच्या असतात. कर्नाटकात आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद, तेलंगणातील तांदूर, आंध्र प्रदेशातील कडप्पा, राजस्थानात कोटा जिल्ह्यातील रामगंज मंडीचा परिसर, ही त्यांची प्रसिद्ध माहेरघरे. मुंबईहून सोलापूर, वाडीमार्गे चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच शहाबाद असल्यामुळे तेथील राखाडी फरशी आपल्या घराघरांत पोहोचली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रतळाशी थरावर थर बसून हे दगड तयार झाले. थरांच्या सांध्यावर ते सहज सुटतात, म्हणूनच त्यांच्या सपाट लाद्या निघतात. शहाबादी फरशीचा किंचित खडबडीत पृष्ठभाग ही त्या थराची निसर्गदत्त पाठ असते आणि ओल्या पायाला आधार मिळतो तो तिच्यामुळेच.

चुनखडकाचा मुख्य घटक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाशी त्याचे हाडवैर आहे. धोलपूरसारख्या वालुकाश्मात वाळूचे कण असतात, त्यामुळे तो आम्लाला अधिक दाद देत नाही. परंतु त्यात लोह असल्यास आम्लामुळे पिवळट-तांबूस डाग उमटू शकतात. कोकणातला जांभा सच्छिद्र असतो आणि द्रवपदार्थ खोलवर शोषून घेतो. दगड कोणता हे ठरल्यावाचून हातात कोणतीही बाटली घेऊ नये, हा पहिला नियम.

हा नियम मी शिकले तो चुकीतून. ‘‘पाण्यात थोडे ॲसिड टाकले की सगळे निघेल,’’ असे सांगणाऱ्या एका कामगाराला मी कोपऱ्यातील एका फरशीवर प्रयोग करू दिला. लेप जेथे आधीच सुटला होता तेथील उघड्या दगडावर सर्रकन फेस आला आणि जेथे लेप शाबूत होता तेथे काहीच घडले नाही. म्हणजे जे काढायचे ते जागच्या जागी राहिले आणि जे राखायचे ते झिजले! आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो; तो फेस म्हणजे दगडाची झीज. त्या फरशीवर तळहाताएवढा निस्तेज, खरबरीत चट्टा आजही आहे.

लेप ओळखा

दगडावर लावली जाणारी संरक्षक द्रव्ये ढोबळमानाने दोन जातींची असतात. पहिली जात पृष्ठभागावर पातळ पडदा धरणारी. ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन आणि इपॉक्सी ही या जातीतील नेहमीची नावे. दुसरी जात दगडाच्या छिद्रांत मुरणारी. सिलेन-सिलोक्झेन वर्गातील द्रव्ये तिच्यात मोडतात. ती चमक आणत नाहीत. पाणी मात्र आत शिरू देत नाहीत. मुरलेले द्रव्य घासून वा पुसून निघत नाही. ऊन-पावसाने वर्षागणिक त्याचा प्रभाव ओसरू देणे हाच तेथे शहाणपणाचा मार्ग. सुदैवाने त्रास होतो तो बहुधा पहिल्या जातीचा आणि काढता येते तीही पहिलीच जात.

त्रास का होतो, तेही समजून घेतले पाहिजे. जुन्या अंगणांत फरशी मुरूम आणि चुन्या-सिमेंटच्या थरावर थेट बसवलेली असते. जमिनीतील ओल केशाकर्षणाने वर चढते आणि दगडातून व सांध्यांतून वाफेच्या रूपाने निघून जाते. दगडाचा हा जणू श्वासोच्छ्वास. वर अभेद्य पडदा पसरला की ओल त्याखाली कोंडते. पडदा धुरकट पांढरा होतो आणि कालांतराने सुटू लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वच पांढरे डाग लेपाचे नसतात. जमिनीतील क्षार वर येऊन दगडावर फुलतात, त्यालाही आपण ‘पांढरे पडणे’ म्हणतो. क्षाराची भुकटी कोरड्या कुंच्याने झटकता येते; पाणी टाकताच ती दिसेनाशी होते आणि वाळल्यावर पुन्हा उगवते. लेपाचा धुरकटपणा झटकून जात नाही. नखाने कड उचकटली असता पारदर्शक पापुद्रा हाती आला, तर दोष लेपाचा समजावा.

आमच्याकडे माळ्यावर ठेकेदाराने टाकलेला रिकामा डबा सापडला आणि त्यावर ‘ॲक्रिलिक’ असा स्पष्ट उल्लेख होता. डबा नसल्यास सोपी चाचणी करता येते. अडगळीच्या कोपऱ्यात, झायलीन या द्रावकात बुडवलेला कापसाचा बोळा लेपावर मिनिटभर दाबून धरावा. लेप चिकट होऊन कापसाला लागला तर तो बहुधा ॲक्रिलिक. दोन घटक मिसळून लावलेले पॉलियुरेथेन वा इपॉक्सी मात्र विरघळत नाही. फार तर फुगते. कापसाला काहीच लागले नाही, तर घरगुती उपायांचा हट्ट सोडून जाणकाराला बोलवावे.

काम सुरू करण्यापूर्वी

ही द्रावके घरगुती साबणासारखी निरुपद्रवी नाहीत. झायलीनची वाफ सुमारे २७ अंश सेल्सियस तापमानालाच ठिणगीने पेट घेऊ शकते. ॲसिटोन तर शून्याच्याही बरेच खाली. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या फरशीची कल्पना केली, म्हणजे दुपारी हे काम का करू नये हे वेगळे सांगायला नको. शिवाय तापलेल्या दगडावर द्रावक लेपात मुरण्यापूर्वीच उडून जाते. ही वाफ हवेहून जड असल्याने खोलगट जागी साचते. म्हणून काम चालू असेपर्यंत तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती, पाण्याचा बंब, विडी-सिगारेट यांपैकी काहीही आसपास पेटलेले नसावे. अंगणाकडील दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. लहान मुले आणि पाळीव प्राणी दूर असावेत.

करोनाकाळापासून घरोघरी पडून असलेला कापडी मुखपट्टा येथे उपयोगाचा नाही. तो धूळ अडवील, वाफ अडवणार नाही. सेंद्रिय वाफा शोषणारी डबी बसवलेला मुखवटा औद्योगिक सुरक्षासाहित्याच्या दुकानात मिळतो, तोच घ्यावा. हातमोजे द्रावकाला टिकणारे, जाड असावेत; स्वयंपाकघरातील पातळ रबरी मोजे फुगून फाटतात. डोळ्यांना चष्मा हवाच.

रंग उतरवण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे मिथिलीन क्लोराइड कोणी सुचवले तर निग्रहाने नकार द्यावा. त्याची वाफ जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये रंग काढण्याच्या कामासाठी त्याची सामान्य ग्राहकांना होणारी विक्री रोखली आणि २०२४ मध्ये हे निर्बंध आणखी व्यापक केले. वाफेचा त्रास टाळायचा असल्यास बेंझिल अल्कोहोलवर आधारलेली लेपनाशके हा तुलनेने सौम्य पर्याय आहे. ती मंदगतीने, काही तास घेऊन काम करतात. घाई नसणाऱ्याने ती निवडावीत.

दहा सकाळी

मी दहा दिवसांची रजा घेतली ती माघात. पावसाची ओल पूर्ण सुकलेली, ऊन अजून कोवळे. जुन्या पेठेतले एक वृद्ध पॉलिशवाले मिस्त्री मार्गदर्शनाला आले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, ‘‘ताई, एका दमात सगळे अंगण ओले करू नका. चार फरश्या घ्या, त्या पुऱ्या करा, मग पुढच्या चार.’’ त्याप्रमाणे सकाळी सहा ते साडेआठ या वेळात चार फरश्यांचे दोन तुकडे, म्हणजे रोज आठ फरश्या, असा हिशेब ठरला.

प्रत्येक तुकड्याचा क्रम सारखाच असे. प्रथम कोरड्या झाडूने स्वच्छता. मग जुन्या सुती धोतराचे तुकडे फरशीवर पसरून ते झायलीनने भिजवायचे आणि वर प्लॅस्टिकचा कागद झाकायचा. या झाकणामुळे द्रावक उडून न जाता लेपात मुरते. पंधरा ते वीस मिनिटांनी कागद उचलला की लेप मऊ, चिकट झालेला असे. तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा. लोखंडी पत्र्याने दगडावर ओरखडे पडतात. तारेच्या घासणीचे सूक्ष्म कण सांध्यांत अडकून पुढे गंजतात आणि तांबडे डाग सोडतात. सांध्यांतील लेप नायलॉनच्या घासणीने काढायचा. त्यानंतर द्रावकाने ओलावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसायचे आणि फडके वरचेवर बदलायचे. येथेच बहुतेकांचा घात होतो. मळलेल्या फडक्याने पुसणे म्हणजे विरघळलेला लेप पातळ करून पुन्हा दगडावर पसरणेच. बहुतेक फरश्यांना हा क्रम दोनदा करावा लागला.

द्रावक पूर्ण उडून गेल्यावर पाणी आणि सौम्य, आम्लरहित साबण घेऊन काथ्याच्या घासणीने धुवायचे. फरशी वाळली की पाण्याचे थेंब टाकून परीक्षा. मोरीजवळ जुन्या कामातून उरलेली, कधीच लेप न लागलेली एक शहाबादी फरशी होती. तिच्यावर आणि साफ केलेल्या फरशीवर एकाच वेळी थेंब टाकायचे. दोन्हीकडे थेंब सारख्याच वेळात पसरून दगड गडद झाला तर काम फत्ते. एकीकडे तो मोत्यासारखा टिकून राहिला तर लेप अजून शिल्लक. ही तुलना महत्त्वाची आहे, कारण शहाबादी दगड मुळातच घट्ट असल्याने लेप नसतानाही पाणी सावकाश शोषतो.

पाच-सहा फरश्यांच्या बारीक चिरांत लेप खोल गेला होता. त्यावर मिस्त्रींनी मुलतानी मातीचा उपाय सांगितला. चेहऱ्याला लावायची ही माती मूळची तेल-डाग शोषणारीच. ती झायलीनमध्ये कालवून दाट लगदा करायचा, डागावर पाव इंच जाड थापायचा, प्लॅस्टिकने झाकून एक दिवस ठेवायचा आणि मग उघडून वाळू द्यायचा. वाळताना विरघळलेला लेप मातीत ओढला जातो. फिकट रंगाच्या दगडावर मातीचा डाग पडू नये म्हणून खडूची पांढरी भुकटी वापरणे बरे.

खरवडलेला लेप आणि भिजलेली फडकी यांचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी नव्हे, आधी सोडवावा. ती गोळा करून कोंडून ठेवू नयेत; उघड्यावर, आगीपासून दूर पसरून पूर्ण वाळवावीत आणि घातक कचरा म्हणून नगरपालिकेच्या व्यवस्थेकडे वेगळी द्यावीत. द्रावक गटारात किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नये. आम्ही तुळशीचे वृंदावन ओल्या गोणपाटाने व प्लॅस्टिकने झाकून ठेवले होते.

नऊ सकाळी मिळून बहात्तर फरश्या झाल्या. दहाव्या दिवशी वृंदावनासमोरच्या चारच उरल्या. त्या अण्णांनी स्वतः केल्या.

यंत्राचा मोह

‘‘एवढा खटाटोप कशाला? पॉलिशचे यंत्र फिरवा,’’ असा सल्ला अनेकांनी दिला. न विरघळणाऱ्या इपॉक्सीसारख्या लेपांवर यंत्राने घासणे हाच कित्येकदा शेवटचा उपाय असतो, हे खरे. परंतु यंत्र लेपाबरोबर दगडाची नैसर्गिक पाठही खाते. ती परत येत नाही. यंत्र वापरावेच लागले तर पाणी सोडत घासावे, म्हणजे धूळ उडणार नाही, आणि घराबाहेरील फरशीला चकचकीत होईपर्यंत बारीक दगडाने घासू नये. चकाकी दिवाणखान्याला शोभते. अंगणात ती पायाला दगा देते. वाळूचा मारा आणि ज्वाळेने लेप जाळणे हे दोन्ही उपाय वर्ज्य समजावेत. अतिदाबाच्या पाण्याचा झोतही जपून वापरावा, कारण तो सांध्यांतील सिमेंट उखडू शकतो.

ग्राहक म्हणून काही पथ्ये

बँकेत बसून मी रोज ग्राहकांना सांगते, की कर्ज घेताना हप्त्याबरोबर मुदतपूर्व परतफेडीच्या अटीही वाचाव्यात. लेपाचेही तसेच आहे. तो चढवण्यापूर्वी ‘हा पुढे निघेल कसा?’ हा प्रश्न विचारला असता, तर आमच्या घरात बरेच काही टळले असते. लेप चढायला एक दुपार लागली, उतरायला दहा सकाळी.

घरदुरुस्तीचे काम देताना वापरायच्या द्रव्याचे नाव आणि प्रकार दरपत्रकात लेखी घ्यावा. पडदा धरणारे की मुरणारे, घराबाहेर चालणारे की नाही, ओल्या पायांना घसरडे होते का, हे विचारावे. एका फरशीवर नमुना लावून तो किमान काही दिवस, पाणी मारून पाहावा. रिकामा डबा आणि पावती जपून ठेवावी. सर्व रक्कम काम संपताच देऊन टाकू नये. काही भाग पहिल्या पावसानंतर देण्याची अट आधीच ठरवावी. घरात वडीलधारी माणसे असतील तर निवड करताना दिसण्याआधी चालण्याचा विचार व्हावा.

लेप निघाल्यावर पुन्हा काही लावावे का? घट्ट चुनखडकाच्या अंगणाला बहुधा कशाचीच गरज नसते. झाडलोट, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा काथ्याने घासणे आणि सांडलेले लिंबू, चिंच, ताक लगेच धुऊन टाकणे एवढे पुरते. संरक्षण हवेच असेल तर दगड पूर्ण वाळल्यावर, वाफ अडवणार नाही असे मुरणारे द्रव्य निवडावे.

आमचे अंगण आता आरशासारखे दिसत नाही. ते राखाडी आहे, जरा खडबडीत आहे आणि कोपऱ्यात माझ्या चुकीचा चट्टा आहे. काम संपल्यानंतर दोन दिवस आईने उंबऱ्यातूनच पाहिले. तिसऱ्या दिवशी तिने मला अंगणात बादलीभर पाणी ओतायला लावले, एक पाऊल टाकून अंदाज घेतला, मग दुसरे टाकले. सांजवात अजूनही कधी खिडकीत लागते, कधी तुळशीपुढे. पण ती कोठे लावायची हे आता आई ठरवते.